पाटीतला खवचटपणा घालवणारा टंक : ‘बालू २’

आमच्या गृहसंस्थेच्या जिन्यापाशी गेली कित्येक वर्षे एक पाटी होती : ‘येथे वाहन लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ पत्र्यावर काळ्या रंगात रंगाऱ्याने हाताने काढलेली, उभ्या आणि करड्या अक्षरांची. यंदाच्या पावसाळ्यानंतर तिच्यातला ‘हवा’ हा शब्द पार पुसला गेला आणि ‘लावल्यास सोडण्यात येईल’ एवढेच उरले, तेव्हा नवी पाटी करण्याचे काम माझ्याकडे आले. आयुष्यातली बरीच वर्षे सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधन करण्यात घालवलेल्या बाईला अक्षरांचे काही काम असले की सांगावे, असा शेजाऱ्यांचा शिरस्ताच आहे. मी तोच मजकूर, एका काना-मात्रेचाही फेर न करता, ‘बालू २’ या टंकाच्या, म्हणजे फाँटच्या, सर्वांत जाड वजनात (जाडीच्या प्रकारात) बसवला, घरच्या प्रिंटरवर छापला आणि तळमजल्यावरच्या काकूंना दाखवला. त्यांनी कागद हातात धरून नीट वाचला आणि विचारले, “अगं, ही धमकी आहे की वाढदिवसाचं आमंत्रण?”

या टंकाचे याहून नेमके परीक्षण मला करता येईल असे वाटत नाही. तरीही गेले दोन महिने मी तो वाचनालयाच्या फलकापासून फराळाच्या दुकानाच्या पाटीपर्यंत निरनिराळ्या कामांत वापरून पाहिला आहे, आणि काकूंच्या त्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी थोडे निराळे आले आहे, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते.

‘बालू’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला टंक आहे आणि त्यातल्या देवनागरीची आखणी सारंग कुलकर्णी यांची आहे. पहिला ‘बालू’ एकाच वजनाचा होता, आणि ते वजन चांगलेच भारदस्त होते. पुढे आलेल्या ‘बालू २’मध्ये, ज्याच्या स्वामित्वहक्काच्या ओळीत २०१९ हे वर्ष आहे, साध्यापासून अतिठळकापर्यंत पाच वजने झाली, संगणकाच्या भाषेत ४०० ते ८००. गूगल फाँट्सवरून तो विनामूल्य उतरवून घेता येतो. त्याचा परवाना ‘एसआयएल ओपन फाँट लायसन्स’ या मुक्त पद्धतीचा आहे, म्हणजे दुकानाची पाटी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, संकेतस्थळ, औषधाचे खोके अशा कोणत्याही व्यावसायिक कामाला तो पैसे न देता वापरता येतो, त्यात बदलही करता येतात. फक्त नुसता टंक सुटा विकण्याची परवानगी नाही. ज्यांनी एकेकाळी देवनागरीचा एखादा संच विकत घेऊन त्याचे डाँगल (संगणकाला लावायची संरक्षक किल्ली) कुलपात जपले आहे, त्यांना या वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

नावाविषयी एक गंमत इथेच सांगून टाकते. हा टंक केवळ देवनागरीपुरता नाही, त्याची भावंडे इतर भारतीय लिप्यांत आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्या त्या भाषेतला भावासाठीचा किंवा आपुलकीचा शब्द जोडलेला आहे : गुजराती ‘बालू भाई’, गुरुमुखी ‘बालू पाजी’, बंगाली ‘बालू दा’, ओडिया ‘बालू भैना’, तमिळ ‘बालू थंबी’, तेलुगू ‘बालू तम्मुडू’, कन्नड ‘बालू तम्मा’, मल्याळम ‘बालू चेट्टन’ आणि उर्दूसाठी ‘बालू भाईजान’. देवनागरीच्या वाट्याला मात्र नुसते ‘बालू’ आले. मुंबईत जन्मलेल्या टंकाला ‘दादा’ किंवा निदान ‘राव’ लावायला कोणाची हरकत होती, कळत नाही. अर्थात नाव मुळात अस्वलावरून असले, तरी आमच्या वाचनालयातली मुले ते ‘बाळू’ असेच वाचतात, आणि बाळू म्हटल्यावर पुढे दादा लावण्याची गरज राहत नाही.

आता अक्षरांकडे वळू. देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूतून आले आहे. तिरक्या कापलेल्या टोकामुळे एका दिशेची रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेची बारीक, आणि निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांवर वाढलेल्या डोळ्याला त्या जाड-बारीक लयीची इतकी सवय असते की ती नसली की अक्षर ‘बसलेले’ वाटत नाही. बालूमध्ये ही लय जवळजवळ नाही. रेघ सगळीकडे सारख्याच अंगाची आहे, वळणे भरलेली आहेत, टोकांचे कोपरे हाताने घासून मऊ केल्यासारखे आहेत, आणि त्यामुळे अक्षर लिहिलेले न वाटता मळलेल्या कणकेचे वळलेले वाटते. रोमन अक्षरांतही हाच स्वभाव आहे : तिथे ‘एन’ किंवा ‘यू’ यांसारख्या अक्षरांच्या दांड्याला एरवी जे छोटे टोक बाहेर आलेले असते, ते इथे काढून टाकले आहे, म्हणून दांड्यातून कमान थेट, न अडखळता वळते.

एवढ्या जाड अक्षरात खरी कसोटी रेघेची नसते, तिच्या आतल्या पोकळीची असते. रोमन लिपीत अक्षर जाड करायचे तर त्याला आजूबाजूला पसरायला जागा असते. देवनागरीत वर शिरोरेषा, उजवीकडे काना, मध्ये गाठ आणि खाली उकार अशी चहूबाजूंनी नाकेबंदी असते. जाडी वाढवत नेली की ‘झ’, ‘ण’, ‘क्ष’ यांच्या पोटातली हवा संपते आणि लांबून पाहणाऱ्याला शिरोरेषेला लोंबकळणारे काळे गोळे दिसू लागतात. बालूच्या आखणीत ही हवा शिल्लक ठेवण्यासाठी केलेली मेहनत दिसते. दोन रेघा जिथे मिळतात तिथे त्या किंचित कृश होतात आणि पोकळ्यांचे आकार एकमेकांशी नाते राखून राहतात. माझी जुनी सवय अशी की कोणताही नवा टंक आला की त्यात ‘घर-धर’, ‘भात-मात’ आणि ‘खाणे-रवाणे’ या जोड्या आधी लावून पाहायच्या, कारण छापखान्यातल्या निम्म्या भांडणांचे मूळ तिथेच असते. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेच्या एका खंडावर आणि एका वळशावर उभा आहे. जाडीच्या नादात तो खंड बुजला की भाताची मात होते. बालूच्या अतिठळक वजनात, चार इंची अक्षरांत, या तिन्ही जोड्या मी रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून ओळखू शकले. माझ्या चष्म्याचा नंबर लक्षात घेता हे कमी नाही.

लहान आकारात मात्र हेच अक्षर दमते. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीसाठी मी अतिठळक वजन नऊ पॉइंटात लावून पाहिले आणि ‘वर्षांपासून’ या शब्दातला रफार आणि अनुस्वार काना-शिरोरेषेच्या डोक्यावर एकमेकांना चिकटून बसले. पावतीची छायाप्रत काढल्यावर तर तिथे फक्त एक डाग उरला. ‘सर्वांत’, ‘कार्यकर्त्यांनी’ हे मंडळाच्या मजकुरातले हमखास येणारे शब्द आहेत, त्यामुळे हे दुर्लक्षून चालणार नाही. उभी रचलेली जोडाक्षरे, म्हणजे ‘द्ध’, ‘द्व’, ‘ट्ठ’, ‘ह्म’ ही, याच आकारात गर्दी करतात. (ओघात सांगते : ‘शुद्ध’ मध्ये द आधी आणि ध नंतर येतो; ‘शुध्द’ लिहिणाऱ्यांना कोणताही टंक वाचवू शकत नाही, आणि जाड टंकात तर ती चूक रस्त्याच्या त्या टोकावरूनही दिसते.) साध्या आणि मध्यम वजनात पावती वाचनीय झाली, पण मग ती बालूत लावण्याचे प्रयोजन राहिले नाही. पाच वजने मिळाली आहेत म्हणून हा टंक पुस्तकाच्या मजकुराचा होत नाही. ती हलकी वजने मथळ्याखालची एखादी ओळ, खोक्यावरचे वजन-किमतीचे तपशील, मोबाइलच्या पडद्यावरचे एखादे बटण एवढ्यासाठी आहेत. अर्धे पान मजकूर त्यात लावला की प्रत्येक शब्द गाल फुगवून बोलतो आहे असे वाटते आणि तिसऱ्या परिच्छेदाला वाचणारा थकतो.

माझ्या मते या टंकाचे मर्म इथे आहे. अक्षर जाड केले की ते ओरडते, असे आपण धरून चालतो. पण आवाज मोठा असणे आणि आवाजात राग असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मंडईत भाजीवाली मोठ्याने बोलते, शाळेतले शिपाईकाकाही मोठ्याने बोलतात. दोघांचा आवाज सारख्याच अंतरावर पोचतो, पण मूल एकाकडे धावत जाते आणि दुसऱ्यापासून पळते. बालू पहिल्या जातीचा आहे. जाडीने तो लांबवर पोचतो आणि गोलाईने त्या पोचण्यातली धार काढून घेतो. पुण्याच्या पाट्यांची ख्याती नेमकी उलट आहे : त्यांत आवाज फारसा मोठा नसतो, शब्द मोजके असतात, आणि धार मात्र पुरेपूर. मी गंमत म्हणून ‘दुपारी १ ते ४ बंद’, ‘चौकशी करू नये’, ‘पत्ता विचारण्याचे हे ठिकाण नव्हे’ असे नमुने बालूत लावले. प्रत्येक वेळी पाटीतला खवचटपणा गळून पडला आणि दुकानदार दुपारी खरोखरच डुलकी काढायला गेला असावा, उठला की चहाही पाजेल, असा भास झाला. मजकूर तोच असताना वळण बदलल्याने बोलणाऱ्याचा चेहरा एवढा बदलावा, हे छापखान्यातल्या इतक्या वर्षांत मला इतक्या ठळकपणे कधी दिसले नव्हते.

यात आणखी एक बारकावा आहे, जो वापरल्यावरच लक्षात येतो. देवनागरीत काही अक्षरे कान्यावर उभी असतात : न, म, प, य, ग, त, स, श. काहींना पूर्ण उभा दांडा नसतोच : ट, ठ, ड, ढ, द, छ, ह, र, ळ. बालूची सगळी श्रीमंती या दुसऱ्या गटात आहे. ‘नियम’, ‘शासन’, ‘समिती’, ‘पालन’ हे शब्द त्यात लावले तर जाड खांबांची रांग दिसते, गोलाईला वाव मिळत नाही आणि टंक ओळखूही येत नाही. ‘कडबोळी’ लावा, ‘ढोकळा’ लावा, ‘छकुली’, ‘हळद’, ‘टरबूज’ लावा, आणि मग पाहा. ‘ळ’ची दोन पोटे, ‘ठ’चे भरलेले वर्तुळ, ‘ढ’चा आत वळलेला गाठोडा यांत आखणाऱ्याचा हात रमलेला दिसतो. म्हणून हा टंक निवडण्यापूर्वी ज्या नावासाठी तो हवा ते नाव प्रत्यक्ष लावून बघावे. टंकाच्या नमुना-वाक्यावरून निर्णय घेऊ नये. दुकानाचे नाव ‘नमन’ असेल तर बालूने काही विशेष साधणार नाही. ‘गोडधोड’ असेल तर दुसरे काही शोधूच नये.

कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत आमच्या ओळखीच्या एका बाईंचे घरगुती फराळाचे छोटे दुकान आहे, त्यांच्या पाटीसाठी मी हे सर्व करून पाहिले. दुकानावर मराठी नाव देवनागरीत असणे आता कायद्याने आवश्यक आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही ते लागू झाले, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत अशीही अट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यानंतर पाट्या बदलण्याची लाट आली, आणि तिच्यात असे कितीतरी फलक तयार झाले की ज्यांत इंग्रजी नाव एखाद्या देखण्या टंकात आणि मराठी नाव संगणकात आधीपासून पडलेल्या कोणत्यातरी टंकात, पाहुण्याला सतरंजीवर बसवावे तसे बसवलेले आहे. बालूचा मोठा व्यावहारिक फायदा इथे आहे. देवनागरी आणि रोमन एकाच गटाने, एकाच जाडीच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. दोन्ही ओळी एका घरातल्या दिसतात. मात्र दोन्हींना संगणकात समान पॉइंट दिले म्हणजे ती फलकावर समान उंचीची झाली असे समजू नये. देवनागरीच्या वाट्याच्या उंचीत वेलांट्या, मात्रा आणि उकारांची जागाही मोडते. फूटपट्टी घेऊन अक्षराचे अंग, शिरोरेषेपासून तळापर्यंत, मोजावे आणि मराठी ओळ त्या मापाने वाढवावी.

पाटी ॲक्रिलिकची करायची होती, म्हणजे अक्षरे कापून फलकावर चिकटवायची. मऊ कोपऱ्यांचा टंक अशा कामाला सोयीचा असतो, कारण कापणाऱ्या यंत्राचे फिरते पातेही गोलच असते. टोकदार टंकात आतले कोपरे ते नीट पोचून कापू शकत नाही आणि कारागिराला ते कानशीने घासून काढावे लागतात. पण इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले. देवनागरी टंकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी असते आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढून बसते. छापताना शाईखाली हे झाकले जाते, कापताना मात्र यंत्र प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्रपणे कापत जाते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. रेडियम कटिंगवाल्यांना हे ठाऊक असते, ते आधी सगळे आकार ‘वेल्ड’ करून, म्हणजे एकसंध जोडून, घेतात. मी बदलत्या जाडीची एकच फाइल असते ती, म्हणजे ‘व्हेरिएबल’ प्रकारची, वापरली होती. त्या प्रकारात एकाच अक्षराच्या आतल्या रेघाही पुष्कळदा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे अक्षरांना पांढरी किनार दिल्याबरोबर शब्दाच्या पोटातून सांधे उमटले. सुट्या वजनाची फाइल घेणे आणि कापण्यापूर्वी वेल्ड करणे, हे दोन नियम पाळले तर त्रास नाही.

त्रासाचा दुसरा भाग टंकाचा नसून सभोवतालाचा आहे, पण परीक्षणात त्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिक होईल. वाचनालयाचा फलक फ्लेक्सवर छापायला मी मध्यवर्ती पेठेतल्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने माझी फाइल उघडली आणि ‘किशोर वाचनालय’ मधली पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसली, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहिली. “मॅडम, तुमचा फाँटच खराब आहे,” तो म्हणाला. फाँट खराब नव्हता. पुण्यातल्या छपाईच्या धंद्याने वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या संचांवर काम केले आहे. श्रीलिपी करणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचीच आणि सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेचे मुख्यालयही इथलेच, तेव्हा संगणकावरच्या मराठीचा बराचसा संसार याच शहरात उभा राहिला असे म्हणता येईल. त्या जुन्या संचांतली पद्धत युनिकोड या आजच्या सामायिक अक्षरसंकेताच्या पूर्वीची होती : कळ दाबली की ठरलेला आकार ठरलेल्या जागी बसायचा, प्रणालीला काही समजण्याची गरज नव्हती. बालूसारख्या युनिकोड टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, जोडाक्षर घडवणे, रफार उचलून वर ठेवणे ही कामे प्रणालीने टंकातल्या सूचना वाचून करायची असतात. चित्रप्रणाली जुनी असेल, किंवा अडोबीच्या प्रणालीत परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला नसेल, तर मजकूर असाच विस्कटतो. माझ्या बाबतीत उपाय जुनाच निघाला : घरी मजकूर नीट लावून, तो पुन्हा एकदा तपासून, फाइल ‘कर्व्ह’ करून पेनड्राइव्हवर नेली. कर्व्ह केल्यावर अक्षरे ही अक्षरे राहत नाहीत, नुसते आकार होतात, म्हणून त्यानंतर चूक सापडली तर दुरुस्तीसाठी घरी परत यावे लागते. मुद्रितशोधन आधी उरकण्याचे महत्त्व या एका फेरीत कळते, आणि रिक्षाचे भाडेही.

मराठी वाचकाला खटकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केले आहेत, तरी अनेक टंकांत हिंदीचे वळण आधी समोर येते. आजच्या टंकांत पर्यायी वळणे असली तर ती मजकुराच्या भाषेवरून निवडली जातात; म्हणून कोणत्याही टंकाला नावे ठेवण्यापूर्वी, प्रणालीत मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदलेली आहे की मराठी, एवढे तपासावे. संकेतस्थळ करणाऱ्यांनी तर पानाची भाषा मराठी असल्याचे न विसरता लिहावे. आपल्याकडे पुष्कळांना ही नोंद असते हेच माहीत नसते.

ओळींमधले अंतर हा या टंकाचा दोष म्हणावा की स्वभाव, याबद्दल माझे मन अजून ठरत नाही. मूळ अंतर ऐसपैस आहे, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांना मोकळे ठेवायचे आहे. एका ओळीच्या पाटीला त्याने काही फरक पडत नाही. दोन ओळींच्या मथळ्यात मात्र दोन्ही ओळी एकमेकींवर रुसल्यासारख्या दूर उभ्या राहतात, आणि त्या जवळ आणायला गेले की ‘मुलांसाठी’ या वरच्या ओळीतला उकार ‘कार्यशाळा’ या खालच्या ओळीतल्या रफाराला टेकतो. प्रत्येक मथळ्याला डोळ्यांनी पाहूनच अंतर ठरवावे लागते. कमल शेडगे यांच्या पिढीने नाटकांच्या जाहिरातींची शीर्षके हाताने काढली तेव्हा हा प्रश्न नव्हताच; उकार अडला की त्याला थोडे वळवायचे, रफार थोडा सरकवायचा, आणि त्या अडचणीतूनच शीर्षकाला रूप यायचे. तयार टंकाकडून ती अपेक्षा करू नये, पण बालूची अक्षरे कर्व्ह करून एखादा उकार हाताने हलवला तर ती रागावत नाहीत, असा माझा अनुभव आहे. परवान्याचीही त्याला आडकाठी नाही.

कुठे वापरू नये, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. आमच्या चौकात कोणी गेले की दुसऱ्या दिवशी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो, तो मी एकदा बालूत लागलेला पाहिला आणि क्षणभर कोणाचे अभिनंदन चालले आहे असे वाटले. कायद्याच्या नोटिसा, दवाखान्यातले इशारे, विजेच्या खांबावरचा ‘धोका’, लग्नपत्रिकेतली कुलदेवतेची ओळ, यांपैकी कशालाही तो शोभत नाही. ‘धोका’ या शब्दात तर ‘ध’ इतका गुबगुबीत येतो की मुले हात लावायला जातील.

जवळचे पर्याय दोन, आणि दोन्ही त्याच ‘एक टाइप’चे आहेत. ‘मोदक’ हा बालूपेक्षाही लठ्ठ. त्यात पोकळ्या अगदी केसासारख्या उरल्या आहेत, वजन एकच आहे, आणि गणपतीच्या दिवसांत पुण्यात त्याला तोड नाही, पण दोन-तीन शब्दांपलीकडे त्याला ओढू नये. ‘मुक्ता’ अगदी दुसऱ्या टोकाचा : सात वजनांचा, शांत, पुस्तकापासून पाटीपर्यंत कुठेही निभावणारा, आणि म्हणूनच एकटा असला की थोडा कोरडा. मथळा बालूत आणि खालचा मजकूर मुक्तात, ही जोडी मला सर्वांत अधिक रुचली. वाचनालयाच्या उन्हाळी शिबिराचे पत्रक मी तसेच केले आहे, आणि मंडळाच्या पुढच्या अहवालाचे मुखपृष्ठही बालूच्या ठळक वजनात, अतिठळकात नव्हे, करायचे ठरले आहे. अतिठळक वजन फलकासाठी राखून ठेवावे. हातात धरायच्या कागदावर एक पायरी खालचे वजन पुरते.

फराळाच्या दुकानाची पाटी दिवाळीच्या आधी लागली. ‘चकली, कडबोळी, अनारसे’ या ओळीतली ‘कडबोळी’ इतकी कुरकुरीत दिसते की पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइके तीच मागत होती, असे दुकानाच्या बाई सांगतात. त्यात टंकाचा वाटा किती आणि भाजणीचा किती, हे त्याच जाणोत. जिन्यापाशीच्या पाटीबद्दल मात्र कार्यकारिणीने काकूंचे मत ग्राह्य धरले. ती मुक्ताच्या ठळक वजनात लागली आहे, आणि ‘हवा’ हा शब्द मी बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा ठेवला आहे.